हत्यारांची पेटी : विकत घ्यावी की करून घ्यावी?

(कुंडल येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेवर आमच्या नावापुढे ‘हत्यारांची पेटी’ असा विषय छापलेला पाहून पुढच्या रांगेतले दोघेचौघे हसले, ते आम्ही पाहिले आहे. कापसाचा भाव सोडून हा शेतकी कॉलेजात शिकलेला माणूस पाने-पक्कडीवर काय बोलणार, असे वाटणे साहजिक आहे. अर्धा तास ऐकून घ्या. मग हसायचे असेल तर आम्हीही तुमच्याबरोबर हसू.

विषय निघाला तो उत्पादनखर्चाच्या तक्त्यावरून. बियाणे, खत, औषध, मजुरी हे रकाने तुम्ही पटापट भरता. ‘अवजारांची देखभाल व दुरुस्ती’ हा रकाना आला की पेन थांबतो. कोणी ‘किरकोळ’ लिहितो, कोणी दोनशे रुपये टाकतो, कोणी कोराच सोडतो. मग आम्ही जवळ बसून एकेक आठवायला लावले. फवारणीच्या पंपाला वायसर घातले ते किती वेळा? मोटारीचा स्टार्टर उघडायला माणूस आला त्याचे काय दिले? कोळप्याची फास निसटली, ती बसवायला गाडीवरून तालुक्याला गेलात, पेट्रोल किती जळले? तिथे चहा-भजी झाली ती कोणाच्या पैशाने? असे आठवत गेले की ‘किरकोळ’ हा आकडा काही हजारांवर जाऊन बसतो. यात तुमच्या बुडालेल्या दिवसाची मजुरी धरलेली नाही, कारण स्वतःच्या मजुरीला किंमत द्यायची आपल्याला सवयच नाही.

पण पैशाहून मोठी गोष्ट दिवसाची आहे. कोरडवाहू शेतीत वर्षाचे ३६५ दिवस सारखे नसतात. आमच्या जत, आटपाडी, कवठेमहांकाळ भागात रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या महिन्यात करावी, असे शिफारशीत लिहिलेले असते. कागदावर तो महिना दिसतो. रानात मात्र पाऊस पडून वाफसा आला की काळ्या जमिनीत चारपाच दिवस मिळतात. ऊन तापले की वरची ओल उडाली. दुसरा पाऊस आला की पुन्हा चिखल. त्या चारपाच दिवसांत पेरणीयंत्राच्या साखळीचा एक बोल्ट तुटला, सतरा नंबरचा पाना घरात नाही, शेजाऱ्याकडे आहे पण तो रानात गेलाय, म्हणून दुपार गेली, तर त्या दुपारची किंमत काय धरायची? मालदांडीचे बी ओलीवर पडले तर उगवते आणि कोरड्यात पडले तर मुंग्या नेतात. कापसाचेही तेच. जूनच्या पावसावर लावण साधली आणि आठवड्याने हुकली, या दोन रानांतला फरक दिवाळीत वेचणीला दिसतो. एका पान्याची किंमत आणि एका हुकलेल्या वाफशाची किंमत, या दोन्ही तक्त्यात समोरासमोर मांडून पाहा.

आता कोणी म्हणेल, आमच्या आज्याकडे कुठे पेटी होती? बरोबर आहे, नव्हती. आणि त्याला लागतही नव्हती. लाकडी नांगर, कुळव, तिफण ही अवजारे सुताराची. फास, फाळ, वसू लोहाराचे. वाकस, तासणी, गिरमिट, पटाशी, रंधा ही हत्यारे सुताराच्या घरी. भाता आणि ऐरण लोहाराच्या घरी. शेतकरी खळ्यावर बलुते घालायचा आणि त्या बदल्यात वर्षभर अवजार चालू राहायचे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला त्यात या सगळ्या देण्याघेण्याचे वर्णन आहे. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा विचार नाही. त्यात बलुतेदाराची पिळवणूक होती, जातीचा काच होता, ती गेली ते बरे झाले. पण एक गोष्ट हिशेबाची आहे. सुताराची आणि लोहाराची पेटी म्हणजे सगळ्या गावाची पेटी होती. बलुते गेले, सुताराचा मुलगा पुण्याला फर्निचरच्या कामावर गेला, लोहाराचा नेट बंद झाला, आणि त्यांची पेटी आपल्या दारात आलीच नाही. मधल्या मध्ये कोनाड्यात एक गंजका स्क्रू-ड्रायव्हर आणि वळचणीला खोचलेला विळा, एवढीच आपली हत्यारे उरली.

आणि हा विषय मांडायला कुंडलइतकी योग्य जागा दुसरी नाही. नाना पाटलांच्या आणि जी. डी. बापू लाडांच्या प्रतिसरकारमुळे कुंडलचे नाव देशाला माहीत आहे. पण पलीकडे रेल्वे स्टेशनावर जी वसाहत उभी आहे, तिचा इतिहासही शेतकऱ्याने वाचावा असा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकलचे दुकान चालवायचे, मग कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर करू लागले. बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी त्यांना आपल्या संस्थानातली, या कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर पडीक जागा दिली. निवडुंगाचे रान आणि साप. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसली. पुढे त्या स्टेशनाचे नावही तेच झाले.

लोखंडी नांगर सुरुवातीला खपत नव्हता. लोखंडाने जमिनीला विष लागते, असा समज होता. शेतकऱ्याला अडाणी ठरवायला ही गोष्ट आजही सांगतात. आम्हाला त्यात वेगळेच दिसते. लाकडी नांगर मोडला तर सुतार घराशेजारी होता. लोखंडी नांगर बिघडला तर कोणाकडे जायचे? हा प्रश्न त्या शेतकऱ्याला पडला असेल तर तो अडाणी नव्हता, व्यवहारी होता. लोखंडी नांगराचा फाळ झिजतो, तो नट-बोल्टने बसवलेला असतो, आणि नट सोडायला पाना लागतो. ज्या दिवशी शेतकऱ्याने लोखंडी नांगर घरात आणला त्या दिवशी त्याला स्वतःचा पाना लागू लागला. त्या गोष्टीला आता शंभर वर्षे होऊन गेली. नांगरामागून पंप आला, इंजिन आले, ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, बॅटरीवरचा फवारा, ठिबकच्या नळ्या आल्या. यंत्रे दरवर्षी वाढली आणि पाना मात्र अजून शेजाऱ्याचाच आहे.

तर पेटी. शहरातल्या गाडीवाल्याच्या गॅरेजसाठी हल्ली चाकांवर चालणारी, सातआठ ड्रॉवरची, लाल रंगाची कपाटे निघाली आहेत. चित्रात फार देखणी दिसतात. आमच्या बैठकींना येणाऱ्या दोघातिघा तरुणांनी मोबाईलवर ती दाखवून विचारले, ‘साहेब, ही घेऊ का?’ त्यांना जे सांगितले तेच इथे सांगतो. ते कपाट गुळगुळीत फरशीच्या, दार बंद होणाऱ्या, धूळ नसणाऱ्या खोलीसाठी केलेले आहे. आपली ‘गॅरेज’ म्हणजे पत्र्याची शेड. एका बाजूला ट्रॅक्टर किंवा बैलगाडी, दुसऱ्या बाजूला खताची पोती, वर कडबा, खाली मुरूम किंवा शेण सारवलेली जमीन. चाके मुरमात रुततात. ड्रॉवर ज्या छऱ्यांच्या पट्टीवर सरकतो त्या पट्टीला वंगण असते. वंगणावर ज्वारीच्या मळणीचा भुसा आणि कापसाचे तंतू बसले की दोन हंगामांत ड्रॉवर अडकू लागतो. मग आपण तो ओढतो, पट्टी वाकते, आणि एकदा वाकलेली पट्टी सरळ होत नाही. आणखी एक धोका आहे. वरचे दोनतीन ड्रॉवर भरलेले असताना एकदम बाहेर ओढले तर सगळे कपाट पुढे कलंडते. घरात लहान पोरे असतील तर हे विसरू नका.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. आपल्या शेडला झाकणाची लोखंडी पेटी, म्हणजे ट्रंकच्या घडणीची, आत एक उचलता येणारा ट्रे असलेली, ही सर्वांत चांगली. ड्रॉवर हवेतच असतील तर नवे घेऊ नका. कचेऱ्या आणि बँका जुनी फायलींची चार कप्प्यांची लोखंडी कपाटे मोडीत काढतात. जिल्ह्याच्या भंगार बाजारात ती किलोवर मिळतात. त्यांचा पत्रा बरा असतो आणि कप्पे जड कागदांसाठीच केलेले असल्यामुळे वजन सोसतात. एक कप्पा पूर्ण बाहेर ओढून, त्यावर दोन्ही हातांनी भार टाकून बघा. डुगडुगला तर सोडून द्या. घरी आणल्यावर मागच्या भिंतीला दोन बोल्टने आवळून टाका.

आता नवी पेटी घेताना फसवणूक कुठे होते ते ऐका. फसवणूक पत्र्याच्या जाडीत होते. रंग वरून सारखाच दिसतो. जाडी ‘गेज’मध्ये सांगतात आणि गेजचा आकडा उलटा चालतो, मोठा आकडा म्हणजे पातळ पत्रा. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, २० गेज म्हणजे ०.९, २२ गेज म्हणजे ०.७ आणि २४ गेज म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जरासा जास्त. दुकानदार ‘जाड माल आहे’ म्हणतो. किती गेज, विचारले की ‘बावीस असेल’ म्हणतो. तुमच्याजवळ जाडी मोजायचे यंत्र नाही. पण वजनकाटा काय असतो हे कापूस विकणाऱ्याला सांगायची गरज नाही. पेटी काट्यावर ठेवा.

हिशेब असा. एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा सुमारे ७.८५ किलो भरतो. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच पेटीला झाकणासकट साडेबावीस चौरस फूट, म्हणजे जवळजवळ २.१ चौरस मीटर पत्रा लागतो. तो पत्रा २० गेजचा असेल तर पेटी सुमारे १५ किलो भरली पाहिजे. २२ गेजचा असेल तर पावणेबारा, आणि २४ गेजचा असेल तर नऊ-सव्वानऊ. बिजागऱ्या, कड्या, दुमडलेल्या कडा यांचे किलो-दोन किलो वर धरा. २० गेजचे पैसे सांगून पेटी दहा किलो भरली, तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. दुकानदाराला काटा आणायला सांगितला की त्याचा चेहरा बदलतो. मोंढ्यात आपला चेहरा बदलतो तसाच.

हत्यारांना २४ गेज चालत नाही. कपड्यांच्या ट्रंकेला चालतो. हातोडा, पहारेची टोके, ट्रॅक्टरचा जॅक आत टाकला की तळ पोटासारखा खाली येतो, झाकण तिरपे होते, कुलूप बसत नाही.

आमच्या मते सर्वांत परवडणारी पेटी म्हणजे गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेली. आठ फूट बाय चार फूट मापाचा २० गेजचा एक पत्रा साधारण २१ किलोंचा असतो. नीट आखून कापला तर वर सांगितलेल्या मापाची पेटी त्या एका पत्र्यात बसते आणि फूटभर रुंदीची पट्टी उरते तिचा ट्रे होतो. तेव्हा त्या दिवशीचा पत्र्याचा किलोचा भाव गुणिले एकवीस, अधिक तळाला लावायचे अँगल, बिजागऱ्या, रंग, आणि त्याची मजुरी. हा आकडा काढून मगच भाव करा. मजुरीत त्याला पाडू नका. तोही आपल्यातलाच कष्टकरी आहे, आणि मजुरीत पाडलेला माणूस सांधा अर्धवट सोडतो. चार गोष्टी त्याच्याकडून लिहून घेतल्यासारख्या करून घ्या. कडा आत दुमडलेल्या हव्यात, नाहीतर पहिल्याच दिवशी बोट कापते. झाकण पेटीच्या तोंडावर नुसते टेकलेले नको, बाहेरून अर्धा इंच खाली उतरलेले हवे, म्हणजे शेडमध्ये गळणारे पाणी आत जात नाही. बिजागरी तुकड्यांची नको, पियानोवर असते तशी सलग पट्टी घाला. आणि तळाखाली दोन अँगल आडवे, म्हणजे पेटी जमिनीपासून दोन इंच वर राहते. कुलपाची कडी रिव्हेटने बसवू नका. रिव्हेट छिन्नीच्या दोन घावांत उडतो. कडी आतून पट्टी देऊन वेल्ड करा. रानातून केबल आणि मोटारी चोरीला जातात हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. पेटी भिंतीला किंवा खांबाला आतून बोल्टने बांधलेली असेल तर दोघांनी उचलून नेणे जमत नाही.

प्लॅस्टिकच्या पेटीबद्दल विचारतात. ती गंजत नाही आणि हलकी असते, हे खरे. उन्हात तीनचार वर्षांत तडकते आणि उंदीर कुरतडतात. ठिबकचे जोड, ग्रोमेट, टेपचे तुकडे ठेवायला ठीक आहे. हत्यारांना नाही.

एक पेटी घरी आणि एक रानात न्यायची, असे दोन भाग करा. रानात न्यायची ती बाजारात मिळते, पाच कप्प्यांची, दोन्ही बाजूंना उघडणारी. ती बरी असते, पण तिच्यात सगळे कोंबले की ती आठदहा किलोंची होते आणि मग ती रानात जात नाही, घरीच राहते. खरे तर रानासाठी पेटी लागतच नाही. जाड ताडपत्रीचा हातभर तुकडा घ्या, त्याला कप्पे शिवून घ्या, पाने त्यात खोचून गुंडाळी करा आणि नाडी बांधा. खर्च जवळजवळ शून्य. गुंडाळी उघडली की रिकामा कप्पा लगेच डोळ्यांत भरतो, आणि काळ्या रानात पाना हरवण्याचे प्रमाण फार आहे. हत्यारांच्या मुठीला पिवळा रंग फासा. ढेकळांत पिवळा रंग लांबून दिसतो.

पेटीत काय ठेवायचे, यावर तर बाजारात जास्तच लूट आहे. ‘१०८ नगांचा संच’ अशी चित्रे लावलेली असतात. नग मोजा. त्यातले साठसत्तर नग म्हणजे बोटाएवढी स्क्रू-ड्रायव्हरची टोके आणि तुम्हाला जन्मात लागणार नाहीत अशा मापांच्या गोट्या. संच घेऊ नका. आधी घरी जा, कागद घ्या, आणि आपल्या प्रत्येक यंत्राच्या नटाचे माप लिहा. सहा मिलिमीटरच्या बोल्टला दहाचा पाना लागतो, आठला तेराचा, दहाला बहुधा सतराचा, बाराला एकोणीसचा, सोळाला चोवीसचा. जुन्या ट्रॅक्टरवर आणि जुन्या इंजिनांवर इंचाची मापे निघतात. तिथे मिलिमीटरचा पाना सैल बसतो आणि नटाचे कोपरे खातो. एकदा कोपरे गेले की छिन्नी लावण्यावाचून इलाज नाही. असा कागद केला की बहुतेक घरांत सहासात पान्यांत काम भागते असे दिसेल. ते सहासात मात्र चांगले घ्या. क्रोम-व्हॅनेडियम असे कोरलेले, घडीव, जबडा सारखा असलेले. आपल्या नाशिकलाच अशी हत्यारे होतात, त्यासाठी परदेशी नावाच्या मागे धावायला नको. स्लाय पाना एक असू द्या, पण अडीनडीला. रोज त्यानेच काम केले की नट गोल होतात.

पाने, पक्कड, वायरचे काम करायला प्लॅस्टिकच्या मुठीची दुसरी पक्कड, टेस्टर, दोन मापांचे स्क्रू-ड्रायव्हर, अर्ध्या किलोचा आणि किलोचा हातोडा, छिन्नी, पंच, हॅक्सॉ आणि तिची चार पाने, मोजपट्टी, वंगणाची पिचकारी. आणि कानशी दोन. कानशीवर आम्ही जोर देतो, कारण ती मायबहिणींसाठी आहे. खुरपणी करणारी बाई दिवसभर वाकलेली असते. खुरपे बोथट असेल तर तेच गवत काढायला दोनदा हात मारावा लागतो, मनगट भरून येते, आणि संध्याकाळी कमी तासे झाली म्हणून बोल तिलाच. खुरप्याला, विळ्याला धार लावायचे काम सकाळी पाच मिनिटांचे आहे. पण कानस पुरुषांच्या पेटीत आणि किल्ली पुरुषाच्या खिशात असेल तर ते पाच मिनिटांचे काम होत नाही. किल्ल्या दोन करा, एक घरात टांगा.

आता फवारणी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर मेले. त्याची कारणे अनेक होती, औषधांची मिश्रणे होती, उंच वाढलेला कापूस होता, ती सगळी चर्चा वेगळी. पण गळका पंप पाठीवर घेऊन फवारणारे आणि तुंबलेले नोझल तोंडाने फुंकणारे लोक आजही आपल्या गावोगाव आहेत. गळतो, कारण वीसपंचवीस रुपयांचे वायसर घरात नाही. फुंकतो, कारण बारीक ब्रश जवळ नाही. म्हणून पंपाच्या वस्तूंचा वेगळा डबा करा. त्यात दोन नोझल, वायसरांची जोडी, पाइपचे क्लिप, एक टाकाऊ दात घासायचा ब्रश आणि हातमोजे. हा डबा पेटीच्या बाहेर, वेगळ्या खिळ्याला अडकवा. विष लागलेली वस्तू पाने-पक्कडीत नको, कारण त्याच हाताने आपण भाकरी मोडतो. आणि औषधाची बाटली कोणत्याही कारणाने पेटीत ठेवायची नाही. पेटी पोरे उघडतात.

गंजाबद्दल थोडे, कारण हे शेतकी शास्त्राशी निगडित आहे. हत्यारे पावसाने गंजतात त्याहून जास्त खतांनी गंजतात. हवेतला ओलावा पाऊणशे टक्क्यांच्या आसपास गेला की युरिया तो ओढून घेऊन पाणी सोडू लागतो. पोटॅश म्हणजे क्लोराइड, मिठाचाच भाऊ. खताची पोती आणि लोखंडी पेटी शेजारी शेजारी असतील तर श्रावणात पेटीचा तळ आतून नव्हे, बाहेरून खाल्लेला दिसतो. पोती एका टोकाला, पेटी दुसऱ्या टोकाला, एवढाच उपाय. पेटी विटांवर ठेवा. तळाला आत गोणपाट घालू नका, ते ओल धरून ठेवते. जाड रबरी पट्टा, म्हणजे जुन्या मशीनचा पट्टा मिळाला तर उत्तम. खत टाकून आल्यावर हात न धुता पाना उचलू नका. महिन्यातून एकदा स्वच्छ तेलाच्या फडक्याने हत्यारे पुसा. इंजिनातून काढलेले काळे ऑइल बरेच जण वापरतात. ते फुकट मिळते हे खरे, पण कातडीला वाईट असते आणि त्यात लोखंडाचा कीस असतो.

पैशाचा हिशेब. समजा पेटी आणि हत्यारे मिळून सात हजार रुपये लागले आणि वीस वर्षे टिकली. वर्षाला साडेतीनशे रुपये. एवढ्यात तालुक्याच्या मेकॅनिकच्या किती खेपा होतात, ते तुम्हीच सांगा. मात्र सात हजार एकदम काढायचे नाहीत. पेटी आधी करा, हत्यारे एका वर्षाला दोनतीन या हिशेबाने घ्या. ट्रॅक्टरवर कर्ज मिळते, अनुदान मिळते, पण पान्यावर कोणी देत नाही. उलट १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला तेव्हा खुरपे, कुदळ, फावडे, विळा करातून वगळले आणि पाना, पक्कड, हॅक्सॉ यांवर मोटारगॅरेजवाल्याइतकाच १८ टक्के कर बसला. सरकारच्या डोळ्यांपुढचा शेतकरी अजून खुरपे घेऊनच उभा आहे. त्याच्या शेडमध्ये यंत्र आले, याची दखल कराच्या तक्त्याने घेतलेली नाही. यावर निवेदन द्यायचे की नाही, ते दुपारच्या सत्रात ठरवू.

कोणी म्हणेल, प्रत्येकाने सगळे कशाला घ्यायचे? खरे आहे. वेल्डिंग मशीन, हँड ग्राइंडर, बेअरिंग ओढायचा पुलर, मोठा टॉर्कचा पाना या वस्तू घरटी एक घेणे म्हणजे पैसे पुरून ठेवणे. पाचसहा शेजाऱ्यांनी मिळून घ्याव्यात. पण तिथे एक नियम हवा. वस्तू एकाच घरी राहील, नेताना वहीत नाव आणि तारीख लिहिली जाईल, आणि मोडली तर ज्याच्या हातात मोडली त्याने भरून द्यायची. वही नसेल तर भागीदारी करू नका. भावाभावांत पान्यावरून बोलणे बंद झालेले आम्ही पाहिले आहे.

आता कामाचे सांगतो आणि थांबतो. आठ बाय चारचे पत्रे एकेक घेण्यापेक्षा पंचवीसतीस एकदम घेतले तर घाऊक भावाने मिळतील, आणि पाने डझनाने घेतले तरी तसेच. ज्यांना पेटी करून घ्यायची आहे त्यांनी जाताना दारातल्या वहीत नाव आणि गाव लिहावे. पेटीच्या मापांचा कागद तिथेच आहे. पुढच्या बैठकीला येताना आपापल्या यंत्रांच्या नटांची मापे लिहून आणा, म्हणजे कोणत्या नंबरचे किती पाने लागतात ते कळेल. आणि माप घेताना अंदाजाने लिहू नका. सतरा आणि अठरा डोळ्यांना सारखेच दिसतात.